भोवरा, सावली आणि न. पै. : घरातला जुना फोटो कसा वाचायचा

आमच्या घरी एक फोटो आहे. सव्वादोन इंच रुंद, सव्वातीन इंच उंच. पत्त्याच्या पानाहून जरा लहानच. नारायण पेठेतल्या वाड्याचा चौक, दगडी फरशी, मागे तुळशी वृंदावन आणि मधोमध अर्ध्या चड्डीतला एक मुलगा. त्यानं नुकताच भोवरा टाकलाय. तोंड उघडं आहे आणि वरचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. हा मुलगा म्हणजे माझे बाबा.

फोटो म्हणाल तर फसलेलाच. उजवा हात हललाय, नुसता राखाडी पंखा दिसतो. त्या हाताखाली एक बारीक पांढरी रेघ आलीय. भोवरा काळा ठिक्कर. खालच्या बाजूला फोटो काढणाऱ्याची सावली चौकटीत घुसलीय, आणि एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. बाबांच्या सत्तरीला मोठा प्रिंट करायचा ठरला तेव्हा माझा चुलतभाऊ म्हणाला, "मोबाइलवर दोन मिनिटांत सावली पुसतो, डाग काढतो, हातही नीट करतो." मी नको म्हटलं. घरात त्या फोटोवरून वर्षानुवर्षं वाद चालू होता. आत्या म्हणे फोटो १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतरचा, बाबा म्हणत पुराआधीचा. काढला मात्र आजोबांनी, यावर दोघांचं एकमत. माझं म्हणणं असं, की या वादाचा निकाल चेहऱ्यात सापडणार नाही. तो सापडला तर त्या सगळ्या चुकांमध्येच सापडेल.

त्यासाठी आधी जुना कृष्णधवल फोटो बनतो कसा, ते पाहायला हवं. ते एकदा कळलं की तुमच्या घरातल्या ट्रंकेतले फोटोही बोलायला लागतात.

फिल्म म्हणजे विरजण लावलेलं दूध

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे, म्हणजे चांदीच्या एका क्षाराचे, अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. (जिलेटिन जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांतही देवांच्या आणि पूर्वजांच्या फोटोंवर हाच थर होता, हे माझ्या आजीला कुणी सांगितलं नाही, ते बरंच झालं.) शटर क्षणभर उघडतं, प्रकाश आत येतो आणि ज्या कणावर पडतो त्या कणात चांदीचे चार-पाच अणू सुटे होतात. एवढंच. डोळ्यांना काहीही दिसत नाही. फिल्म या अवस्थेत बाहेर काढून पाहता आली असती, तरी ती कोरीच वाटली असती.

पुढचं काम विरजणाचं. चमचाभर दही पातेलंभर दुधाचं दही करतं, तसं डेव्हलपर नावाचं रसायन त्या चार-पाच अणूंच्या ठिपक्यापासून सुरुवात करून अख्ख्या कणाची, कोट्यवधी अणूंची, चांदी करून टाकतं. इतकी बारीक चांदी चकाकत नाही, काळी दिसते. ज्या कणावर प्रकाश पडलाच नाही त्याला विरजण लागलेलं नसतं, तो दूधच राहतो. ते न लागलेलं दूध काढून टाकावं लागतं, नाहीतर उजेडात तेही हळूहळू काळवंडतं. ते काढण्याचं काम हायपो हे दुसरं रसायन करतं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाला हायपोचा हा गुण १८१९ सालीच दिसला होता. फोटोग्राफी जगजाहीर झाली १८३९ मध्ये, आणि त्याच वर्षी त्यानं हायपो या कामाला लावण्याची वाट दाखवली.

म्हणून निगेटिव्हमध्ये उजेडाची जागा काळी आणि सावलीची जागा पारदर्शक. तीच निगेटिव्ह दुसऱ्या तशाच कागदावर ठेवून पुन्हा उजेड दिला की उलट्याचं सुलट होतं. आमच्या फोटोत निगेटिव्ह कागदाला चिकटवून, मोठी न करता छापली आहे. त्याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. १२० नंबरच्या रोलवर या आकाराचे आठच फोटो निघत, आणि निगेटिव्ह एवढी मोठी असल्यामुळे साध्या डबा कॅमेऱ्याचा प्रिंटही बऱ्यापैकी रेखीव यायचा. आठ फोटोंतला एक भोवऱ्यावर खर्च करणं ही त्या काळी चैनच होती. बाकीचे सात कुणाच्या तरी मुंजीचे आहेत.

हात हललाय, पण भोवरा का नाही?

१८३८ साली लुई दागेर यानं पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. फिल्मऐवजी तो वापरत असलेल्या पत्र्याला उजेड कित्येक मिनिटं द्यावा लागे. तेवढ्या वेळात घोडागाड्या, माणसं, पोरं आली आणि गेली. एकही उमटलं नाही. रस्ता ओस दिसतो. उमटला तो फक्त बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. शहराच्या फोटोत माणूस सापडण्याची ही पहिली वेळ समजली जाते, आणि तो सापडला कारण तो हलला नाही.

मुलांचं नेमकं उलटं असतं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातली मुलं फोटोत खेळताना जवळजवळ दिसतच नाहीत. स्टुडिओत मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी आधार लावत. विलायतेत तर बाळ हलू नये म्हणून आईला कापडाखाली झाकून खुर्चीसारखं बसवत आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवत. नीट पाहिलं की त्या 'खुर्ची'चे हात दिसतात! पुढे जास्त प्रकाशसंवेदी जिलेटिनची फिल्म आली. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरायचा कॅमेरा आला आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी नावाचा डबा. फोटो स्टुडिओतून अंगणात आला तो या डब्यांमुळे.

पण डबा कॅमेऱ्याचं शटर तरी केवढं चपळ? साधारण सेकंदाचा तिसावा भाग. हिशेब करून पाहा. भोवरा फेकून जाळी (भोवऱ्याला गुंडाळायची दोरी) मागे खेचणारा हात सेकंदाला दोन मीटर वेगानं गेला असं धरलं, तर तेवढ्या वेळात तो साडेसहा सेंटीमीटर सरकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा तळवा जवळपास तेवढाच रुंद. म्हणून तळव्याच्या जागी पंखा. चेहरा मात्र स्थिर आहे, कारण भोवरा टाकल्यावर पोरगं श्वास रोखून खाली बघतं. म्हणजे फोटोतली अस्पष्टता ही घड्याळासारखी आहे. काय किती हललं यावरून कशाचा वेग किती होता, ते कळतं.

आता गंमत. भोवरा स्वच्छ दिसतोय. कडा रेखीव आणि अंगावरचे आडवे पट्टे मोजता येतील इतके साफ. माझा मुलगा म्हणाला, "मग तो फिरत नाहीये, नुसता ठेवलाय." पण थांबलेला भोवरा आरेवर, म्हणजे खालच्या खिळ्यावर, उभा राहूच शकत नाही, आडवा पडतो. तो उभा आहे, म्हणजे फिरतोय. सेकंदाला वीस फेऱ्या धरल्या तर शटर उघडं असताना त्यानं दोन-तृतीयांश फेरी मारली. पण गोल वस्तू स्वतःभोवती फिरली तर तिची बाहेरची कड जागा सोडत नाही, आणि भोवतीनं काढलेले पट्टेही आपापल्या जागीच फिरत राहतात. त्यावर उभी रेघ असती, तर ती पुसली गेली असती. तेव्हा फोटोत जे स्थिर दिसतं ते स्थिर असेलच असं नाही. विटी-दांडूच्या फोटोत विटी सापडत नाही आणि भोवऱ्याच्या फोटोत भोवरा दगडासारखा दिसतो, याचं कारण एकच.

लाल भोवरा काळा का?

बाबा शपथेवर सांगतात, भोवरा लालभडक होता. फोटोत तो काळा आहे. दोन्ही खरं.

सिल्व्हर ब्रोमाइडला मुळात फक्त निळा-जांभळा प्रकाश कळतो. त्यात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली की त्याला हिरवा, पिवळा दिसू लागतो आणि आणखी वेगळी मिसळली तर लाल. लाल न दिसणाऱ्या फिल्मला ऑर्थो म्हणतात आणि सगळे रंग दिसणाऱ्या फिल्मला पॅन. दोन्ही प्रकार बरीच वर्षं शेजारी शेजारी विकले जात होते. कोडॅकच्या व्हेरिक्रोम या लोकप्रिय रोलची पॅन आवृत्ती आली तीच मुळी १९५६ मध्ये. ऑर्थो फिल्मला लाल म्हणजे अंधार. म्हणून तिच्यावर कुंकू काळं येतं, लाल लुगडं काळं येतं, ओठ गडद येतात. डार्करूममध्ये लाल दिवा चालतो तोही याच कारणानं, तिथल्या प्रिंटच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही. जुन्या फोटोत पणजीचं कुंकू गंधासारखं काळं पाहून कुणी तरी काहीबाही अंदाज बांधतं, त्याआधी फिल्म कोणती असेल ते विचारावं.

सावलीतून महिना

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जमिनीवर उभ्या वस्तूची सावली किती लांब, यावरून सूर्य किती उंचावर होता ते कळतं. फोटोत पट्टी लावून सावली मोजता येत नाही, कारण लांब जाणारी जमीन फोटोत आकसते. पण आमच्या चौकात फरश्या होत्या, सगळ्या एकाच मापाच्या. मुलाच्या पायाशी असलेल्या फरशीची रुंदी ही आपली पट्टी, कारण ती आणि मुलगा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. तिनं मोजलं तर मुलगा दोन फरश्यांना जरा कमी भरतो. त्याच्या मागे पडलेली सावली फरश्यांच्या सांध्याला धरून सरळ जाते, ती तीन फरश्यांना थोडी कमी. म्हणजे सावली उंचीच्या दीडपट. सूर्य सुमारे ३४ अंशांवर.

एवढ्यावर महिना मिळत नाही. दिवसातून दोनदा सूर्य त्या उंचीला येतोच, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही. खरी किल्ली दिशा. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य भर दुपारी आपल्या थेट डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस. त्या सुमारास सकाळी साडेआठला सावली दीडपट असते आणि ती जवळजवळ सरळ पश्चिमेला पडते, किंचित दक्षिणेकडे झुकून. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडून फिरतो. दुपारी बारा-साडेबारालासुद्धा तो ४८ अंशांच्या वर जात नाही. त्या दिवसांत दीडपट सावली सकाळी दहाला मिळते आणि ती पडते वायव्येला, उत्तर आणि पश्चिम यांच्या बरोब्बर मधोमध म्हटलं तरी चालेल.

वाडा आता नाही. तिथं चार मजली इमारत आहे, पण तिची भिंत जुन्याच जोत्याच्या, म्हणजे फरश्यांच्या सांध्यांच्याही, रेषेत आहे, हे जुन्या नकाशावरून दिसतं. मोबाइलमधलं होकायंत्र लावून मी त्या रेषेवर उभी राहिले. वॉचमननं दोनदा "काय हवंय?" विचारलं. रेष वायव्येला जाते.

इथं एक खबरदारी घ्यावी लागते. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली, तर फोटोत डावं-उजवं बदलतं आणि वायव्येची ईशान्य होते; सकाळच्या जागी दुपार. ते तपासायला शर्ट उपयोगी पडतो. मुलग्यांच्या शर्टाला बटणं अंगातल्या उजव्या बाजूला आणि काजी डाव्या बाजूला असतात. आमच्या फोटोत तशीच आहेत. फोटो सुलट आहे.

म्हणजे हिवाळ्यातली सकाळ, दहाच्या सुमारास. डिसेंबरचीच असं छातीठोकपणे नाही म्हणणार, कारण फोटोवरून चार-पाच अंशांचा फरक पकडता येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत कधीही. दहा वाजता मुलगा शाळेत नाही, म्हणजे रविवार असेल किंवा नाताळची सुट्टी.

आणि खालची ती सावली कुणाची?

फिल्म मंद आणि भिंग छोटं, म्हणून डबा कॅमेऱ्याबरोबरच्या सूचनेत असायचंच: सूर्य पाठीशी ठेवा. त्यामुळे जुन्या फोटोंतली मुलं डोळे मिचकावताना दिसतात, आणि सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत काढणाऱ्याची सावली पुढे पसरते. आमच्या फोटोत ती कमरेपासून वर दिसते. दोन्ही कोपरं बाहेर आलेली आणि मान खाली. सावलीचं डोकं मुलाच्या पायांपासून हातभर अंतरावर येऊन थांबलंय.

मान खाली का? डबा कॅमेरा डोळ्याला लावत नसत, पोटाशी धरत. वरच्या छोट्या काचेत खाली वाकून पाहायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसे, म्हणून मुलगा डावीकडे पळाला की नवखा माणूस कॅमेरा हमखास भलतीकडे वळवायचा. आणि पोटाशी धरल्यामुळेच जुन्या फोटोंत मुलं वरून पाहिल्यासारखी दिसत नाहीत. कॅमेरा त्यांच्याच उंचीला आलेला असतो.

ही उंची मोजताही येते. रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तसे फरश्यांचे सांधे फोटोवर पेन्सिलीनं (प्रतीवर हं, मूळ फोटोवर नाही) पुढे वाढवले, तर ते एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूतून आडवी रेघ मारा. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या ज्या वस्तूला ती रेघ जिथं छेदते, ती उंची म्हणजे कॅमेऱ्याची उंची. वस्तू जवळ असो की लांब. आमची रेघ वृंदावनाच्या वरच्या कडेला टेकते. ते वृंदावन नव्या इमारतीच्या आवारात जोत्यासकट आणून बसवलंय, हे आमचं नशीब. टेप लावली. तीन फूट एक इंच.

आजोबा पाच फूट आठ इंच होते. त्यांच्या पोटाशी धरलेला कॅमेरा साडेतीन फुटांच्या वर असायला हवा. तीन फूट एक इंच म्हणजे काढणारी व्यक्ती पाच फुटांपेक्षा बुटकी.

मग मी सावली मोठी करून पाहिली. वाकलेल्या डोक्यावर एक गोल उंचवटा आहे. टोपी म्हणावी तर ती इतकी मागे आणि इतकी छोटी नसते. तो अंबाडा आहे. मान खाली घातल्यामुळे वर आलेला. आणि डाव्या कोपरापासून खाली एक सरळ, सुटी कड लोंबते, ती पदराची.

आजी. आजी चार फूट दहा इंच होती. घरात कॅमेरा आजोबांच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी मागून आणलेला, रोलवर मुंज, पाकिटावर आजोबांचं नाव. तेव्हा फोटोही त्यांचाच, असं सगळ्यांनी धरलं होतं. आजी हयात असताना कुणी विचारलंच नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही. मुंजीच्या सात फोटोंत ती नाही म्हणून हळहळायचो आम्ही. त्या सातांतलेही काही तिनंच काढलेले असतील का, हे आता मी दर वेळी पाहते. मांडवात ऊन नाही, त्यामुळे सावली नाही.

डाग आणि पाकीट

आता साल. फोटोच्या मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का आहे, त्यात 'पूना २'. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्याआधी असे एक-दोन आकडी टपाल विभाग लिहीत. म्हणजे बहुधा १९७२ च्या आधीचा. (जुने शिक्के वर्षानुवर्षं वापरणारे दुकानदार पुण्यात कमी नाहीत, म्हणून 'बहुधा'.) ज्या पाकिटात रोल धुऊन मिळाला त्यावर पेन्सिलीनं हिशेब आहे आणि शेवटी लिहिलंय 'न. पै.' म्हणजे नवे पैसे. आणे जाऊन दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, आणि 'नवे' हा शब्द सरकारनं काढला १ जून १९६४ ला. दोन अक्षरांनी सात वर्षांची चौकट दिली. तुमच्या फोटोत असं काही वेगळं असेल. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी दिसली तर फोटो १९५६ च्या आधीचा असूच शकत नाही.

उरला कोपऱ्यातला डाग. एकट्या डागावर मी विश्वास ठेवला नसता, चहाचाही असू शकतो. पण त्याच पाकिटातल्या मुंजीच्या फोटोंवर आणि पाकिटावरही तोच डाग, तीच तिरकी कड. सगळं एकत्र उभं असताना खालून पाणी चढलं होतं. कडेला बारीक मातीची रेघ अजून आहे.

१२ जुलै १९६१. पानशेतचं बांधकाम चालू असलेलं धरण सकाळी फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि मुठेच्या काठावरच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुण्यातल्या कितीतरी घरांत १९६१ आधीचे फोटोच नाहीत, त्याचं कारण ही तारीख. पाण्यानं चांदी जात नाही. जातं ते जिलेटिन. ते जेलीसारखं फुगतं, मऊ होतं, समोरच्या फोटोला किंवा काचेला चिकटतं आणि वाळलं की सरसासारखं घट्ट बसतं. मग लोक ओढून सोडवायला जातात आणि आजोबांचा चेहरा आत्याच्या फोटोच्या पाठीवर निघून येतो. पुराचं पाणी घरात शिरलंच, तर ओले फोटो गठ्ठ्यानं वाळू देऊ नयेत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून, पाण्यातच हलक्या हातानं वेगळे करावेत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत एकेक पसरावेत. दोन दिवसांच्या आत. जुने कागदी कृष्णधवल प्रिंट एवढं सोसतात.

आमच्या पाकिटाच्या फक्त खालच्या कोपऱ्याला पाणी लागलं, बहुतेक फडताळाच्या वरच्या फळीवर असावं. म्हणजे प्रिंट पुराआधीचा, आणि बाबांचं खरं. आत्यानं हे ऐकून घेतलं, पण अजून मान्य केलेलं नाही. १९५७ ते १९६१ मध्ये चार हिवाळे येतात. बाबांचा जन्म १९५३ च्या गणपतीतला. वरचे पुढचे दात साधारण सहा-सातव्या वर्षी पडतात. म्हणजे १९५९-६० चा हिवाळा किंवा १९६०-६१ चा. याहून बारीक मी जात नाही.

आता हे टिकवायचं कसं

यावर फार लिहीत नाही, कारण नियम सोपे आहेत आणि कुणी पाळत नाही. हायपो नीट धुतला गेला नसेल तर त्यातलं गंधक चांदीला खातं आणि फोटो पिवळा पडतो. त्याला आता काही इलाज नाही. गडद भागाच्या कडांना आरशासारखी चंदेरी झाक येते, ती दमट हवेनं चांदी वर आल्यामुळे, पुसू नका. चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक असलेले अल्बम सगळ्यात वाईट. कोपऱ्यात अडकवायचे फोटो-कॉर्नर आणि मध्ये पातळ कागद, ही जुनी पद्धत बरी होती. रंगीत फोटोंची चिंता जास्त करा. त्यांत चांदी उरत नाही, नुसते रंग असतात, ते उडतात. आमच्या घरी १९८२ च्या वाढदिवसाचे फोटो लालसर झालेत आणि हा भोवरा मात्र ठणठणीत.

निगेटिव्ह असतील तर वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा पाया सडायला लागलाय, ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा आणि आधी तिचं स्कॅन करून घ्या. त्याहून जुनी नायट्रेटची फिल्म तर पेट घेते. २००३ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना लागलेल्या आगीत केवढे तरी जुने चित्रपट गेले. स्कॅन करताना फोटोची पाठही करा, आणि पाकिटाचंही. सावली, डाग काहीही कापू नका.

मी सगळं स्कॅन करून बाबांना मोठ्या पडद्यावर दाखवलं. सूर्याचे अंश सांगितले, वृंदावनाची उंची सांगितली, अंबाडा दाखवला. तिथं ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हात जरा मोठा कर." केला. त्या हाताखालच्या पांढऱ्या रेघेबद्दल मी त्यांना सांगितलं की छापताना निगेटिव्हवर केस पडला असणार, केस किंवा धूळ प्रिंटमध्ये पांढरी उमटते, एवढी एकच खरी चूक आहे या फोटोत.

"केस कसला," बाबा म्हणाले. "जाळी आहे ती. शेवटचा वेढा बोटातच राहिलाय बघ. म्हणूनच तिरका लागला होता."